आईबरोबर बोटीने उत्तरेला : बर्गन ते किर्केनेस आणि परत

खाडीपलीकडे (धागाकर्ती)

गेल्या मार्चमध्ये आईला घेऊन नॉर्वेच्या किनाऱ्याने १२ दिवस बोटीने फिरून आले. दोघी-तिघींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून माहिती विचारली, म्हणून सगळ्यांसाठी इथेच लिहिते.

आई ७६ वर्षांची. माहेर देवगडचं, लग्नानंतर डोंबिवली. गुडघे दुखतात, साखर आहे. बाबा गेल्यानंतर ती फारशी कुठे गेलीच नव्हती. आधी मी नेहमीची युरोप सहल बघत होते, आठ दिवसांत पाच देशांची. रोज पहाटे बॅग भरायची आणि बसमध्ये बसायचं. तिच्या दोन मैत्रिणी तशा जाऊन आल्या होत्या आणि फोटोंतसुद्धा दमलेल्या दिसत होत्या. मग ऑफिसातल्या एका नॉर्वेजियन सहकाऱ्याने या बोटीचं सांगितलं. त्याचं वाक्य लक्षात राहिलं : "माझी आजी हिने दवाखान्यात जायची."

ही क्रूझ नव्हे, हे आधीच सांगते. कॅसिनो नाही, नाचगाणी नाहीत. ही हुर्तिग्रुतनची, म्हणजे किनाऱ्यावरची नेहमीची बोट. बर्गनहून निघते, रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसला जाते आणि तशीच परत येते. वाटेत ३४ बंदरं. काही ठिकाणी तीन-चार तास थांबते, काही ठिकाणी जेमतेम पंधरा मिनिटं, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. पोटातून फोर्कलिफ्ट बाहेर येते, खोकी उतरवते, मासळीची खोकी आत घेते. दप्तर पाठीवर घेतलेली मुलं चढतात आणि पुढच्या बंदराला उतरतात. आमच्यासारखे प्रवासी हे सगळं बघत मधे राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोर्विक नावाचं अगदी लहान बंदर आलं. मी आईला नाश्त्याला चल म्हणत होते आणि ती कठड्याला धरून उभी. खाली एकाच माणसाने दोर झेलला, खुंटाला अडकवला, शिडी लागली, दोन बायका पिशव्या घेऊन चढल्या. आई एकदम म्हणाली, "अगो, ही तर आपली बोटच गो!"

मग त्या कठड्याशीच तिने मला मुंबईच्या बोटीची गोष्ट सांगितली. १९५८-५९ च्या सुमारास ती वडिलांबरोबर देवगडहून मुंबईला जायची. बोट लांब, खोल पाण्यात उभी राहायची. धक्क्यावरून पडावात बसायचं, पडाव बोटीला लागला की लाटेबरोबर तो वर आलेला असतानाच पाऊल टाकायचं. डेकवर वळकटी पसरून जागा धरायची. आंब्याच्या दिवसांत पेट्या चढवता चढवता बोट रखडायची. माझी पणजी तिला सोडायला तयार नसायची, कारण १९४७ च्या जुलैत रामदास बोट बुडाली होती आणि ती धास्ती घरातून गेली नव्हती. पन्नास वर्षांत यातलं एक अक्षर मी ऐकलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, आणि डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये ते आठवायला तिला कारण पडलं नव्हतं.

त्या क्षणापासून सहल तिची झाली. रिसेप्शनवरून तिने वेळापत्रकाचा छापील कागद मागून घेतला. बंदर आलं की पेनाने खूण. जाताना जी बंदरं रात्री लागतात ती येताना दिवसा लागतात, हे तिने मला कागदावरून समजावून दिलं. रात्री दोनला मला जाग यायची तर शेजारचा पलंग रिकामा. ती साडीवर दोन स्वेटर आणि शाल घेऊन खिडकीपाशी बसलेली असायची, बोट कशी लावतात ते बघत.

मी हौसेने बंदरांवरच्या सहली आधीच बुक केल्या होत्या. त्यातल्या बहुतेक तिने केल्या नाहीत. ओलेसुंदला आम्ही दोन रस्ते फिरलो. हे गाव १९०४ च्या जानेवारीत आगीत जळालं आणि तीन-चार वर्षांत सगळं एकाच घडणीचं, वळणदार नक्षीचं पुन्हा बांधलं. फार देखणं आहे. पण तासाभरात ती म्हणाली, "चल, बोटीवर जाऊ." मी थोडी चिडले. आता वाटतं, गावं बघायला मी तिला नेलं होतं, पण तिला बघायचं होतं ते बोट आणि गाव भेटतात ते.

लोफोतेन बेटांबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं. परतीच्या वाटेवर स्वोल्वेरला बोट संध्याकाळी दोन तास थांबते. धक्क्यापासून पूल ओलांडून स्विनोया बेटावर गेलो. अजून उजेड होता. वळणावरच आई थांबली. "ह्यो वास माका ठावक आसा." पुढे लाकडी मांडव उभे होते, माणसाच्या दुप्पट उंचीचे, आणि त्यांवर कॉड मासे, दोन-दोन शेपटीशी बांधून टांगलेले. मीठ नाही, धूर नाही, नुसता गार वारा. जानेवारी ते एप्रिल हा मासा अंडी घालायला बारेंट्स समुद्रातून इथे उतरतो. आणि या दिवसांतली हवा अशी अचूक की मासा फार गोठत नाही आणि माशीही बसत नाही. हजारएक वर्षं हे गाव यावर जगलंय. बोंबील बांबूच्या वलांडीवर टांगतात तेही आईने बघितलेलं. ती त्या मांडवाखाली शिरली, एका माशाला बोट लावलं आणि म्हणाली, "अजून महिनाभर तरी हवा." तिथे काम करणाऱ्या माणसाला मी इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, मेमध्ये उतरवतो. डोकी वेगळी सुकवलेली होती. ती नायजेरियाला जातात म्हणे, रश्शासाठी. आईला हे इतकं पटलं! डोकं टाकून देणारे लोक तिला कधीच आवडले नाहीत.

अरोराबद्दल, म्हणजे उत्तरेकडच्या रात्रीच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशाबद्दल, सगळे विचारतात. ट्रॉम्सो सोडल्यावर एका रात्री दिसला. डोळ्यांना तो फोटोतल्याएवढा हिरवा दिसत नाही, राखाडीत हिरवट झाक असलेला पडदा हलावा तसा. सुंदरच आहे, पण फक्त तेवढ्यासाठी जाऊ नका.

विचारा काय हवं ते.

---

शुभदा_पुणे

ताई, अगदी डोळ्यांसमोर उभं केलंत. पुढच्या भागाची वाट बघते. माझ्या सासूबाई शाकाहारी आहेत, कांदा-लसूण चालतो. १२ दिवस निभेल का? आणि मार्चमध्ये थंडी किती?

---

रानवाटा

लेखन आवडलं, पण एक वेगळं मत मांडतो. एवढे पैसे खर्च करून १२ दिवस एकाच बोटीत? बंदरावर पंधरा मिनिटं म्हणजे काही बघितलंच नाही. त्यापेक्षा विमानाने लोफोतेनला जावं, गाडी भाड्याने घ्यावी, चार दिवस नीट फिरावं. वडील आणि मी नेहमी असंच फिरतो.

---

खाडीपलीकडे

शुभदा, शाकाहारी जेवण बुकिंग करतानाच कळवायचं. आमच्या टेबलावर एक शाकाहारी जर्मन जोडपं होतं, त्यांना रोज वेगळं ताट यायचं. बटाटा, बीट, कंदमुळं, मश्रूम, चीज यांवर भर. ब्रेड उत्तम, आणि तपकिरी रंगाचं गोडसर चीज मिळतं, ते आपल्याकडच्या माणसांना आवडतं, खव्याची आठवण होते. पण आमटी-भाताची सवय असेल तर पाचव्या दिवशी जड जाईल. मेतकूट, चटणी आणि लोणचं न्याच. केबिनमध्ये किटली असेलच असं नाही, आधी विचारा.

थंडी समजते तेवढी नाही. किनाऱ्याला अटलांटिकमधला उबदार प्रवाह लागून जातो, त्यामुळे इतक्या उत्तरेलाही बंदरं गोठत नाहीत. आम्हाला शून्याच्या आसपास, किर्केनेसला उणे नऊ मिळालं. त्रास होतो तो वाऱ्याचा. आईला साडीखाली थर्मल, पायात बुटांना लावायचे काटे. काटे अजिबात विसरू नका, धक्क्यांवर बर्फाची काच असते.

रानवाटा, तुमचं चुकीचं नाही. चालणाऱ्या माणसाने गाडीनेच जावं. पण आईला रोज गाडीत चढ-उतर, रोज नवी खोली, नवं बाथरूम हे झेपलं नसतं. इथे बॅग एकदाच उघडली. ती खुर्चीत बसून राहिली आणि डोंगर तिच्यासमोरून गेले. दमली की झोपली, आणि झोपल्यामुळे काही चुकलं असं तिला वाटलं नाही.

---

त्रोन्हेमकर

अकरा वर्षं इथे राहतोय, म्हणून थोडी भर. "हुर्तिग्रुतन" म्हणजे जलद मार्ग. १८९३ मध्ये ते नाव खरं होतं. त्याआधी त्रोन्हेमहून हॅमरफेस्टला टपाल उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी पोहोचायचं आणि हिवाळ्यात काही महिने लागायचे. अंधारात, खडकांतून, मोजक्या दीपगृहांच्या भरवशावर बोट हाकायला कंपन्या तयार नव्हत्या. स्टोकमार्क्नेसच्या रिखार्ड वित या कप्तानाने ते अंगावर घेतलं. २ जुलै १८९३ ला त्याची 'वेस्टेरोलन' त्रोन्हेमहून निघाली आणि ६७ तासांत हॅमरफेस्टला लागली. स्टोकमार्क्नेसला आता संग्रहालय आहे, आणि १९५६ सालची एक अख्खी बोट काचेच्या इमारतीत ठेवलीय. परतीच्या प्रवासात दुपारी तासभर मिळतो, तेव्हा नक्की बघा.

एक दुरुस्ती. २०२१ पासून हा मार्ग एकाच कंपनीकडे नाही. हुर्तिग्रुतनच्या सात आणि हाविला नावाच्या कंपनीच्या चार अशा ११ बोटी मिळून रोजची फेरी पूर्ण करतात. हाविलाच्या बोटी नव्या आहेत, गॅस आणि मोठ्या बॅटऱ्यांवर चालतात. जुन्या बोटींचं लाकूडकाम आणि खुर्च्या मला अधिक आवडतात, पण ज्येष्ठांना नव्या बोटी सोयीच्या. बुक करताना दोन्हीकडचे दर बघा.

आणि रानवाटा, लोफोतेनला गाडी घेऊन जाणार असाल तर ऑगस्टचा शेवट बघा.

---

बंदरवाट

ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. मी वेंगुर्ल्याचा. 'रोहिणी', 'चंद्रावती' ही बोटींची नावं आमच्या घरात माणसांच्या नावांसारखी घेतली जायची. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली की हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पुढे पणजी. आजोबा ही नावं पाढ्यासारखी म्हणत. पावसाळा लागला की बोट बंद, मग गणपतीला मुंबईहून येणाऱ्यांचे हाल. पुढे रस्ते झाले, एसट्या वाढल्या आणि ऐंशीच्या दशकात बोटच संपली.

हे वाचताना मनाला लागलं ते एवढंच की त्यांच्याकडेही रस्ते झाले, विमानतळ झाले. तरी बोट आहे.

---

त्रोन्हेमकर

बंदरवाट, ती आपोआप टिकलेली नाही. सरकार कंपन्यांशी करार करून ही सेवा विकत घेतं आणि त्यासाठी दरवर्षी मोठी रक्कम देतं. अटी ठरलेल्या असतात : इतकी बंदरं, इतक्या फेऱ्या, स्थानिक प्रवाशांसाठी इतकी जागा. कुठलं बंदर गाळलं तर गावातून ओरड होते. पर्यटकांच्या पैशांवर बोटी चालतात हे खरं, पण बेर्लेवोगला रात्री बोट थांबते ती करारामुळे.

---

नलू

माझे वडील ८१. वॉकर घेऊन चालतात. बोटीवर लिफ्ट असते का? शिडी किती चढावी लागते? आणि मध्येच तब्येत बिघडली तर काय?

---

खाडीपलीकडे

नलू, सगळं सांगते, चांगलं-वाईट दोन्ही.

लिफ्ट आहे, सगळ्या मजल्यांवर जाते. धक्क्यावरून बोटीत जायला उताराचा पूल लावतात. त्याचा चढ भरती-ओहोटीवर बदलतो. पहिल्या दिवशी मला हे माहीतच नव्हतं. आईला माहीत होतं. ती खाली धक्क्याच्या खांबांवरची ओली रेघ बघायची आणि सांगायची, "आता सुकती आहे, थोडं थांब, पूल सपाट होईल." आणि व्हायचा. बोडोला आणि ट्रॉम्सोला आम्ही असंच करून उतरलो. वॉकर असेल तर कर्मचाऱ्यांना आधी सांगा, ते सामान चढवायच्या रुंद दारातून नेतात.

आमच्या बोटीवर डॉक्टर नव्हता. पण बोट सतत कुठल्या ना कुठल्या बंदराजवळ असते, गरज पडली तर तिथे उतरवतात. औषधं दुप्पट न्या, अर्धी हातातल्या पिशवीत. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का ते शब्दन् शब्द वाचा.

त्रास झाला तो बोटीवर नाही, वाटेतल्या विमानतळावर. व्हीलचेअर दोन महिने आधी नोंदवली होती. विमानातून उतरलो तर कुणीच नाही. पाऊण तास आई भिंतीला टेकून उभी. शेवटी मी सामानाची ढकलगाडी आणली आणि तिला त्यावर बसवून नेलं. अजून आठवलं की राग येतो. दोन विमानांमध्ये चार तास तरी ठेवा आणि बर्गनला एक दिवस आधी पोहोचा.

बोट लागण्याबद्दल : बराचसा प्रवास बेटांच्या आडून होतो, पाणी तळ्यासारखं. पण स्टाड, हुस्टाडविका, लोप्पा आणि शेवटी बारेंट्स या ठिकाणी उघडा समुद्र आहे. लोप्पाला मला बोट लागली, आईला नाही. तिने मला आलेपाक दिला आणि लांबच्या डोंगरावर नजर ठेवायला लावली. लहानपणी तिला तिच्या वडिलांनी तेच सांगितलं होतं.

आता उत्तरेकडचं राहिलं होतं ते. होनिंग्सवोगहून आम्ही नॉर्थ केपला गेलो, ही तिने केलेली एकमेव मोठी सहल. हिवाळ्यात शेवटचे १३ किलोमीटर बर्फ काढणाऱ्या गाडीमागे सगळ्या बस रांगेने जातात. ३०७ मीटरचा कडा, ७१ अंश १० मिनिटं उत्तर, पलीकडे पाणीच पाणी. वाऱ्यात पाच मिनिटं उभ्या राहिलो. पण आईच्या मनात राहिलं ते गावातलं पांढरं चर्च. १९४४ च्या शरदात माघार घेताना जर्मन सैन्याने हा सगळा प्रांत जाळत नेला, लोकांना बोटींत भरून दक्षिणेला हाकललं. होनिंग्सवोगमध्ये उभं राहिलं ते फक्त हे चर्च. परत आलेले लोक त्यातच राहिले, तिथेच भट्टी लावून पाव भाजले. आई आत बाकावर बसून राहिली. मग विचारलं, "घर परत बांधायला लाकूड कुठून आणलं असेल गो? इथे तर झाडच नाही." आणि स्वतःच उत्तर दिलं, "बोटीनेच आलं असणार."

बोटीवरच्या एका मुलीला विचारलं. ती याच प्रांतातल्या व्हार्डोची. म्हणाली, लाकूड, खिळे, पीठ, माणसं, सगळं बोटीनेच. तिच्या पणजीने सांगितलेलं.

ध्रुववृत्त ओलांडताना मानेवर बर्फाचं पाणी ओततात, आईने ओतून घेतलं. परतताना चमचाभर कॉडचं तेल देतात. तिने न कुरकुरता घेतलं, कारण शार्कचं तेल लहानपणी रोज प्यायलेली.

---

शुभदा_पुणे

चर्चचं वाचून थांबले थोडा वेळ. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मेतकूट मी करून घेते.

---

रानवाटा

परवा मी जे लिहिलं, त्यानंतर हा धागा वडिलांना दाखवला. ते भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, ३४ वर्षं शंकू-साखळी आणि प्लेन टेबल घेऊन सातारा-सांगलीत मोजण्या केल्या. त्यांनी नकाशा काढला आणि हॅमरफेस्टवर बोट ठेवलं. म्हणाले, इथे स्ट्रूवच्या कमानीचा शेवटचा खांब आहे, आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मला यातलं काही माहीत नव्हतं. हा खांब बोटीतून बघता येतो का? आणि फक्त एकच बाजू करता येते का? १२ दिवस त्यांना जमतील, मला रजा नाही.

---

त्रोन्हेमकर

काकांना सलाम. १८१६ ते १८५५ या काळात पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी हॅमरफेस्टपासून काळ्या समुद्रापर्यंत २,८२० किलोमीटर त्रिकोणांची साखळी टाकली. आपल्याकडे तेच काम विल्यम लॅम्बटनने मद्रासपासून सुरू केलं होतं, हे काकांना सांगायला नको. २००५ मध्ये युनेस्कोने ही कमान जागतिक वारशात घेतली. खांब फुग्लेनेसला आहे, धक्क्यावरून टॅक्सीने काही मिनिटं.

एकच बाजू करता येते, पण दक्षिणेकडे येणारी घ्या. उत्तरेला जाताना हॅमरफेस्ट पहाटे लागतं, खांब अंधारात राहील. किर्केनेसहून निघाल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा दोनेक तास मिळतात. ओस्लोहून किर्केनेसला विमान आहे. तिथून बर्गन सहा दिवस.

---

खाडीपलीकडे

रानवाटा, आईला वाचून दाखवलं. तिचा निरोप जसाच्या तसा :

"त्यांना सांग, डाव्या बाजूची खोली घ्या, येताना जमीन डावीकडे असते. बंदर यायच्या आधी दहा मिनिटं खाली दाराजवळच्या खिडकीत जाऊन उभे राहा, वर काही दिसत नाही. वेळापत्रकाचा कागद पहिल्याच दिवशी मागून घ्या, नंतर संपतात. आणि पेन घरून न्या, तिथलं गारठ्यात उमटत नाही."